भैरवी नसलेल्या तबकड्या

आमच्या आतोबांना गाण्यातलं काही कळत नसे. ठाण्यात त्या काळी ही गोष्ट उघडपणे कबूल करणारे बहुधा ते एकटेच असावेत. ते मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. वर्षातले बरेच महिने कानाला हेडफोन लावून खरखर ऐकायची आणि त्या खरखरीतून कामाचं तेवढं वेचून काढायचं, हा त्यांचा पेशा. कोपरीला त्यांचं बैठं घर होतं. आत्या तिथे एकटी राही आणि मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाई.

एका खेपेला आतोबांनी कुठल्याशा बंदरातून रेडिओग्राम आणला. शिसवी कपाटासारखा, तिन्ही वेगांवर तबकड्या वाजवणारा. त्याच्याबरोबर चार-पाच मोठ्या तबकड्याही आल्या. वेष्टनांवर गायकाचा फोटो नाही, वाद्याचं चित्र नाही. नुसत्या रेघा आणि वर्तुळं, भूमितीच्या पेपरात नापास झालेल्या मुलाने काढावीत तशी.

"ही कसली गाणी?" मी विचारलं.

"गाणी नव्हेत. दुकानदाराला म्हटलं, जी कोणी घेत नाही ती दाखव. त्याने ही दाखवली. अगदी माझ्या कामासारखे आवाज आहेत रे यांत. घरी आलो की या शांततेत मला झोपच लागत नाही."

आठ-दहा दिवसांत ते परत जहाजावर गेले. तबकड्या मागे राहिल्या.

मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात कारकून होतो. दिवसभर वकिलांची भाषणं कानावर पडत, त्यामुळे काहीही न समजता शांतपणे ऐकत राहण्याची मला सवय होती. संध्याकाळी गावातल्या एका साप्ताहिकासाठी मी नव्या रेकॉर्डांची परीक्षणं लिहायचो. भावगीत असो, नाट्यपद असो, ते 'श्रवणीय' असायचंच. हा शब्द मी इतक्या वेळा वापरला होता की प्रेसमधल्या कंपोझिटरने त्याचे शिशाचे खिळे सोडवून परत खणांत टाकणंच बंद केलं होतं. परीक्षण आलं की तो तयार 'श्रवणीय' उचलून बसवी.

अशा एका रविवारी जेवण झाल्यावर मी आतोबांच्या तबकड्यांतली एक लावली. आधी बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक फुसफुस, ती वाढत वाढत मोठा फरफराट. आत्या लगबगीने स्वयंपाकघरात गेली आणि कपाळाला आठ्या घालून परत आली.

"अरे, मला वाटलं स्टोव्ह भडकला!"

"आत्या, हे संगीत आहे."

"असेल. पण मी पिन घेऊन धावले ना!"

आणि ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की मलाही आवरेना. त्या दुपारी आम्ही ती तबकडी दोन्ही बाजूंनी तीनदा ऐकली. आत्या प्रत्येक आवाजाला ओळखीचं नाव देत होती. हा बंबात कोळसा पडला. ही रहाटाची साखळी. हा तुझा आतोबा घोरतोय, पण उलटा. मी नुसता ऐकत होतो आणि एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. इतकी वर्षं मी रेकॉर्ड लावून तिच्यावर काय लिहायचं याचा विचार करायचो. ऐकत कधी नव्हतो. इथे लिहायला तयार शब्दच नव्हता, म्हणून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्या आठवड्यात मी परीक्षण दिलं. त्याची सुरुवात अशी होती: 'पहिल्या बाजूला कोणीतरी बराच वेळ दार उघडत आहे. आत कोणी येत नाही. दुसऱ्या बाजूला तो माणूस सापडतो, पण तोवर तो शेवटाकडून सुरुवातीकडे बोलू लागलेला असतो.' कंपोझिटरने खास निरोप पाठवला की यात 'श्रवणीय' कुठे बसवायचा ते लिहिलेलं नाही.

मग मला त्याची गोडीच लागली. राहिलेल्या तबकड्याही मी एकेक करून ऐकल्या आणि त्यांच्यावर लिहिलं. एकीच्या पहिल्या बाजूला परत फरफराट होता आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या शिट्ट्या, माणसाच्या नव्हेत, विजेच्या. कधी सुईसारख्या बारीक, कधी जात्याच्या दगडाइतक्या जाड. एकीत कुणीतरी पियानोच्या आत वाट्या-चमचे टाकले असावेत असं वाटे. मी जे ऐकलं ते लिहीत गेलो, कळलं नाही तिथे कळलं नाही असं लिहिलं. परीक्षणात हे लिहायची मुभा असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. कल्याणच्या एका वाचकाने माझ्या प्रकृतीची आपुलकीने चौकशी केली. डोंबिवलीचे एक मास्तर पत्नीला घेऊन थेट कोपरीला आले आणि ती उलटं बोलणाऱ्या माणसाची रेकॉर्ड ऐकून, चहा पिऊन, आनंदात परत गेले. मीही आनंदात होतो. आठवडाभर मला रविवारची वाट पाहावीशी वाटे, आणि याआधी हे फक्त जेवणामुळे होत असे.

पण आमच्या गावात एक संगीत मंडळ होतं, आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष आलेच. हे अध्यक्ष निवृत्त वकील. भर मे महिन्यात शाल. गायकाची ओळख करून देताना ते इतका वेळ घेत की त्यानंतर तंबोरे पुन्हा लावावे लागत. मंडळाचा एक कडक नियम त्यांनीच घालून दिला होता: भैरवी झाल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. कितीही पाय दुखोत, भैरवीनंतरच उठायचं.

ते एके दिवशी प्रेसवर आले. मी प्रुफं तपासत बसलो होतो. माझ्याकडे न पाहता ते संपादकांना म्हणाले, "हे सदर बंद करा. ही उघड उघड अब्रुनुकसानी आहे."

"कोणाची?" संपादकांनी विचारलं.

"षड्जाची!"

संपादक साप्ताहिकाचे मालकही होते, मुद्रकही होते, त्यामुळे त्यांना तत्त्वं वापरायला फार वेळ मिळत नसे. माझ्या सदराच्या जागेसाठी एक ज्योतिषी महिनाभर त्यांच्या मागे होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला.

"असं करू," ते म्हणाले, "तुमच्या मंडळापुढेच एक रेकॉर्ड पूर्ण वाजवू. लोक शेवटापर्यंत बसले तर सदर चालू. अर्धे जरी उठले तरी पुढच्या आठवड्यापासून त्या जागी राशिभविष्य."

"भैरवीचा नियम त्या दिवसापुरता शिथिल," अध्यक्षांनी लगेच सांगितलं. "ज्याला उठावंसं वाटेल त्याने खुशाल उठावं."

मी घरी जाताना हिशोब केला. मंडळाच्या सभासदांना बसवून ठेवणारी एकच गोष्ट होती, तो नियम, आणि तोच काढून घेतला होता. सदर गेलं तर 'श्रवणीय'सुद्धा लिहायला जागा उरणार नव्हती. मुख्य म्हणजे रविवार परत नुसता जेवणाचा होणार होता.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ देत सगळ्यांना इथेच. मी साबुदाण्याचे वडे करते. उठतात कसे बघू."

"आत्या, हे लाच देणं झालं."

"कोर्टात असतोस ना? मग वास येईल एवढंच करते. वाढते शेवटी."

राहता राहिली समोरची गिरणी. गल्लीच्या पलीकडे पिठाची गिरणी होती, आणि ती चालू झाली की आमच्या खिडकीतल्या बरण्या थरथरत. आत्याने गिरणीवाल्याला निरोप दिला: रविवारी संध्याकाळी आमच्याकडचं वाजवणं संपेपर्यंत गिरणी बंद ठेव, संपलं की खुशाल चालू कर.

रविवारी सतरंजीवर माणसं मावेनात. अध्यक्ष पुढे, लोडाला टेकून, शाल नीट करून. त्यांच्या शेजारी बाळकुमचे एक शेतमालक, मंडळाचे जुने सभासद, धोतराचा सोगा सावरत. संपादक दाराशी, उठणारे मोजायला. अध्यक्षांनी तबकडीची ओळख करून द्यायला सुरुवात केली, पण वेष्टनावरच्या रेघा-वर्तुळांतून त्यांना काही वाचता येईना, त्यामुळे ओळख इतिहासात प्रथमच दोन वाक्यांत आटोपली. मी काटा टेकवला.

पहिली बाजू फरफराटाची होती. दोघं-तिघं एकमेकांकडे पाहू लागले. एकाने चपला कुठे आहेत ते हेरून ठेवलं. तेवढ्यात बाळकुमकर मालक मोठ्याने म्हणाले, "अरे, हा तर बंब!"

"बंब नाही, स्टोव्ह," स्वयंपाकघराच्या दारातून आत्या.

"स्टोव्ह नाय वो ताई," मालकांनी आपला बंबही मागे घेतला. "ही खाडीत होडी रेटतात ना, तिचा तळ घासतोय गाळाला."

"छे, शिवणयंत्र," मागून कोणीतरी.

"शांतता!" अध्यक्ष गरजले. पण आता कोणी ऐकेना. प्रत्येक नव्या आवाजाला चार नावं पडू लागली आणि प्रत्येक नावावर हशा. चपला हेरून ठेवलेला गृहस्थ गुडघ्यांवर उभा राहून "रेडा! रेडा!" असं ओरडत होता. मंडळाच्या बैठकीत इतकी माणसं एकाच वेळी जागी असलेली मी प्रथमच पाहत होतो. फक्त अध्यक्ष हसत नव्हते. डोळे मिटून, बोटाने मांडीवर काहीतरी शोधत, ते पुटपुटत होते, "षड्ज कुठे आहे? याला षड्जच नाही."

दुसरी बाजू विजेच्या शिट्ट्यांची. तिला नावं देता येईनात, तशी माणसं हळूहळू गप्प झाली. एक लांब स्वर यायचा, थरथरायचा, विरायचा. मग दुसरा, त्याहून लांबून. वड्यांचा वास येऊ लागला होता, तरी कोणी हललं नाही. शेवटचा स्वर इतका बारीक होत गेला की तो नक्की कधी संपला ते सांगणं कठीण होतं. काटा मध्यावर गेला आणि यंत्र आपोआप बंद झालं.

मी उठायला लागलो. अध्यक्षांनी डोळे न उघडताच हात वर केला: बस.

मी बसलो. नियम शिथिल असला तरी अध्यक्षांचा हात शिथिल नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं की अजून भैरवी झालेली नाही, म्हणजे मैफल संपली हे यांना कळायला काही मार्गच नाही. पूर्ण खोली भक्तिभावाने बंद यंत्र ऐकत होती. आत्या दारात वड्यांचं ताट घेऊन थबकली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती ताट घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसली.

रेकॉर्ड संपली हे साऱ्या कोपरीत आणखी एकालाच कळलं होतं. गिरणीवाल्याला. बराच वेळ आवाज नाही असं पाहून त्याने बटण दाबलं.

आधी एक खोल घूं. मग पट्ट्याची फटफट, आधी सावकाश, मग वेग घेत. खिडकीतल्या बरण्या किणकिणू लागल्या. घूं चढत चढत एका जागी स्थिर झाला, आणि अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"आला! आत्ता आला षड्ज! वा!"

"वा!" बाळकुमकर मालक म्हणाले. त्यांची मान पट्ट्याच्या ठेक्यावर कधीच डोलू लागली होती.

"काय ठहराव आहे," अध्यक्ष पुटपुटले. "बघा, इतका वेळ आपल्याला भटकवलं, आणि आता घरी आणून सोडलं." दोन-तीन माना हलल्या. धान्य पडलं तसा आवाज किंचित खाली आला. "क्या बात है," मागून कोणीतरी म्हणालं. खरं सांगायचं तर मलाही तो भाग फार आवडत होता. मी त्या गिरणीसमोर इतकी वर्षं जेवत होतो आणि तिच्या पट्ट्याला ठेका आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मग बाहेरून एका बाईचा खणखणीत आवाज आला: "ओ दादा! बाजरीवर माझे गहू दळू नका हो! पोळ्या कडू होतात!"

सगळ्यांचे डोळे उघडले.

कोणी कोणाकडे पाहीना. अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं, मग रेडिओग्रामकडे, मग माझ्याकडे.

"कधी संपली?"

"मघाशीच."

"मग सांगितलं का नाही?"

"आपण हात वर केलात."

आत्याने पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. ती हसली, तिच्यामागे बाळकुमकर मालक, मग सगळी सतरंजी. अध्यक्ष मात्र शाल नीट करत बसून राहिले. मी तबकडी वेष्टनात घालू लागलो. हा माणूस आता उठणार, आणि त्याच्या मागोमाग माझं सदर.

हसणं ओसरल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "गिरणी असेल. षड्ज मात्र खरा होता."

आणि मग ते स्वतःच हसू लागले. आधी खांदे, मग शाल, मग डोळ्यांतून पाणी. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. त्यांचे दात चांगले होते.

"अध्यक्षमहाराज," दाराशी बसलेले संपादक म्हणाले, "कोणी उठलं नाही."

"ते रेकॉर्डसाठी बसले होते का? ते तर गिरणीसाठी बसले होते."

"मी शेवटापर्यंत म्हणालो होतो. तुम्ही शेवटाच्या पुढेही बसलात. त्याची वेगळी शिक्षा ठरलेली नव्हती."

वकिलाला हा मुद्दा पटला. त्यांनी वडा उचलला आणि मला म्हणाले, "लिहा. पण गिरणीचंही लिहा. तिला वगळलंत तर अन्याय होईल."

मी लिहिलं. ज्योतिष्याला दुसऱ्या पानावर तेलाच्या जाहिरातीखाली जागा मिळाली आणि तो तिथेही समाधानी दिसला. त्या परीक्षणात मी एकदाच, मुद्दाम, 'श्रवणीय' वापरला, गिरणीबद्दल. कंपोझिटरला बरं वाटावं म्हणून, आणि खरंच ती श्रवणीय होती म्हणून.

पुढल्या खेपेला आतोबांनी आणखी तीन तबकड्या आणल्या. बैठक ठरली. मी ठरल्या वेळेच्या बराच आधी कोपरीला पोहोचलो, तर गिरणीसमोर अध्यक्ष उभे. शाल, काठी, डोळे मिटलेले. गिरणी घुमत होती. गिरणीवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग पीठ झटकत बाहेर आला.

"साहेब," तो म्हणाला, "डबा कुठंय?"