चारही तिकडेच आहेत

आमच्या कॉलेजात परीक्षेआधी एक यादी लागते. ज्यांची हजेरी कमी भरली, ज्यांना परीक्षेचा अर्ज भरता येणार नाही, अशांची. ती पाहिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण भामरागडकडची मुलं तिच्यात हमखास असतात. पावसाळ्यात तिकडचे रस्ते बंद होतात, हे आमच्या चंद्रपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यादी करणाऱ्यांना मात्र दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. गेल्या वर्षी त्या यादीत माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी एम.एस्सी.ला गणित शिकवते. दोन समीकरणं दिली तर ती न सोडवताच उत्तरं किती, हे सांगता येतं, हा माझा लाडका धडा. दोन्ही दुसऱ्या घाताची, तर दोन दुणे चार. दोन्ही वक्रांचा एखादा अख्खा तुकडा सामाईक नसला म्हणजे झालं. कागदावर काढून पाहिलं तर कधी चार छेद दिसतात, कधी दोन, कधी एकही नाही. तरी धरायचे चारच. दोन उत्तरं एकावर एक बसली असतील तर ती दोनदा मोजायची. काल्पनिक संख्यांत दडलेली मोजायची, आणि कागदाबाहेर पार अनंतावर गेलेलीही मोजायची.

नागपूरला शिकताना मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा अख्खा वर्ग कुरकुरला. जे दिसत नाही ते मोजायचं, ही काय लबाडी, असं सगळ्यांचं म्हणणं. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. आमचं गाव चामोर्शीजवळचं, वडील तलावात मासे धरणारे. जाळं ओढून झालं की काठावर मासळीचे वाटे पडत. सातआठ वर्षांची असताना मी एकदा पाण्यातली माणसं मोजली आणि काठावरचे ढीग मोजले. ढीग दोन जास्त भरले. वडिलांची मोजणी चुकली, असं मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांसमोर सांगितलं. एका घरचा माणूस तापाने पडला होता आणि दुसऱ्या घरी बाळंतपण होतं, हे माझ्या गावीही नव्हतं. वडील हसले नाहीत.

"पान्यात नोको पाहू पोरी," ते म्हणाले. "गावात पाहून मोज."

दर वर्षी हा धडा शिकवताना मी ही गोष्ट सांगते. मुलांना आवडते, आणि मलाही सांगताना स्वतःचं कौतुक वाटतं.

यादीत आलेली ती मुलगी माडिया आदिवासी, भामरागडच्या पलीकडच्या गावची, वसतिगृहात राहणारी. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन पॅराबोला काढले. दोन्ही अगदी सारखे, फक्त एक दुसऱ्याच्या एक घर वर, एकात एक ठेवलेल्या वाट्यांसारखे. कुठेच भेटत नाहीत. उत्तरं किती, विचारलं. वर्ग म्हणाला, शून्य. ही उठली, न विचारता खडू घेतला. सगळ्या पदांचा घात सारखा व्हावा म्हणून तिने झेड हे तिसरं अक्षर घातलं आणि एक समीकरण दुसऱ्यातून वजा केलं. उरलं काय, तर झेडचा वर्ग बरोबर शून्य. झेड शून्य म्हणजेच अनंतावरची रेघ. तिथे एक्सचाही वर्ग शून्य. दोन दुणे चार, आणि चारही एकाच बिंदूत.

"चारही तिकडेच आहेत मॅडम," ती म्हणाली. "गेले नाईत कुठी."

ते मी अजून शिकवलेलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती धानाच्या रोवण्यासाठी घरी गेली, आणि पर्लकोटा नदीला पूर आला. पाणी उतरलं की पुन्हा चढायचं. फोन लागायचा नाही. ती परतली ती ऑगस्ट संपता संपता, आणि येताना अख्खी वही सोडवून घेऊन आली. मी ती वही स्टाफरूममध्ये मिरवली. मग यादी लागली.

मी तरातरा प्राचार्यांकडे गेले. उंटावरून शेळ्या हाकता, म्हटलं. नदी काय तुमच्या परवानगीने येते, म्हटलं. अजूनही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियमांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. त्यात एक ओळ होती. पूर किंवा आजारपण असेल, आणि शिक्षकाने त्याच महिन्यात हजेरीपुस्तकाच्या शेऱ्यात तसं लिहिलं असेल, तर ती गैरहजेरी धरायची नाही.

मग त्यांनी माझं हजेरीपुस्तक मागवलं. तिच्या नावापुढे लाल शाईतल्या गैरहजेरीच्या खुणा, एकाखाली एक नेटक्या. अक्षर माझं. शेऱ्याचा रकाना कोरा.

"एक ओळ लिहाची होती मॅडम," ते म्हणाले. "आता महिना उलटला. मी काय करू?"

इतकी वर्षं मी त्या यादीवर दातओठ खात आले, आणि ती यादी माझ्याच पेनातून निघत होती. नाव पुकारायचं, उत्तर आलं नाही की खूण करायची आणि पुढचं नाव घ्यायचं. त्याच तासाला, पाच मिनिटांनी, न दिसणारं कसं मोजावं ते शिकवायचं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर नाकाने कांदे सोलत फिरत होतं. स्वतःच्या मुस्कटात मारावी असं वाटलं.

ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. चूक माझी आहे, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. गेल्या पावसाळ्यांत माझ्याच खुणांनी यादीत गेलेली किती नावं माझ्या तोंडी आली होती, ती मात्र सांगायचं धाडस झालं नाही. ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"पुढच्या वर्षी देईन मी पेपर," ती म्हणाली. "पन मॅडम, नदी तं पुढच्या वर्षीबी येईनच ना."

हजेरीपुस्तक माझ्या काखेत होतं.