बंद कंटेनरमधली टकटक

“मशीन चालू करायचं न्हाई. आधी दार उघडा,” असं म्हणून ढाब्याचे मालक आबा माझ्या आणि जेनसेटच्या मधे येऊन उभे राहिले. त्यांच्यामागे जेवण अर्धवट टाकून आलेली माणसं. वरवंडजवळ हायवेच्या कडेला, एप्रिलच्या टळटळीत दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता.

मी दौंडचा. रीफर कंटेनर दुरुस्त करतो. रीफर म्हणजे ट्रेलरवर चढवलेला मोठा फ्रीज आणि जेनसेट म्हणजे त्याला वीज देणारा डिझेल जनरेटर. आमच्याकडे काम बहुतेक आइस्क्रीम, द्राक्षं आणि कोंबडीचं. त्या दिवशी साहेबांचा फोन आला, “शेख, वरवंडला गाडी बंद पडलीय. अंटार्क्टिकाचा बर्फ आहे, हैदराबादला चाललाय.”

“साहेब, हैदराबादला बर्फ मिळत नाही का?”

साहेब हसले नाहीत. “दार उघडायचं नाही. काहीही झालं तरी,” एवढंच म्हणाले.

गाडीबरोबर डॉ. कांबळे होत्या, बर्फाच्या शास्त्रज्ञ. मूळच्या इथल्याच, जवळच्या मांडवगण फराट्याच्या. मी डिझेलचा फिल्टर खोलत होतो आणि त्या मला समजावत होत्या. तिकडे बर्फाचा थर डोंगराएवढा जाड. ड्रिलने त्यातून लांब कांड्या काढतात. बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते. ती मोजली की तेव्हाचं हवामान कळतं. बर्फ तापला की ती हवा उडून जाते आणि उरतं नुसतं पाणी.

“पुन्हा काढता येत नाही का?” मी विचारलं.

“अंटार्क्टिका कुणाच्याच मालकीची नाही. सगळे देश करार करून तिथं काम करतात,” त्या म्हणाल्या. “पण विमान आणि कॅम्प ज्या देशाचा, त्याच्या मर्जीशिवाय तिथं पोचणार कसं? ही मोहीम आपली आणि त्यांची मिळून, यातला अर्धा बर्फ त्यांचा. दाराला दोन्ही देशांचं सील आहे. दोघांची माणसं हजर असतील तेव्हाच ते तोडायचं. आता दोन सरकारांत बिनसलंय. त्यांना निमित्तच हवंय.”

डिझेलमध्ये पाणी निघालं. फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. जेनसेट चालू असला की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. तो बंद होता म्हणूनच ढाब्यावर भाकऱ्या थापणाऱ्या मावशींना ते ऐकू आलं. त्या कंटेनरच्या सावलीत पाणी प्यायला टेकल्या होत्या.

“आत कोन तरी हाय,” त्या म्हणाल्या. “ठोकतंय.”

मी कान लावला. पत्रा गार होता. आतून टक झालं. थोड्या वेळाने पुन्हा टक. बोटाच्या पेराने दार वाजवावं तसं.

आबा आले, ढाबा आला. “बंद गाडीत मानसं कोंबून नेत्यात, पेपरात वाचतो आमी,” आबा म्हणाले. ड्रायव्हर रडकुंडीला आला. “कसम से, सील पोर्ट पे लगा है!”

“आबा, आत बर्फ आहे,” मी म्हणालो. “एवढ्या थंडीत माणूस कधीच मेला असता.”

“मेलेलं ठोकत न्हाई,” आबा म्हणाले.

मी पाना घेतला आणि तीनदा पत्र्यावर वाजवला. सगळ्यांनी पत्र्याकडे कान लावले. हायवेवरून एक ट्रक गेला. मग आतून, तेवढ्याच सावकाश, तीन ठोके आले. पाना माझ्या हातातून पडला. मावशी मोठ्याने अल्लाचं नाव घेऊ लागल्या आणि त्यांच्यामागून मीही.

“बर्फ खोलवर दाबलेला असतो. वर काढला, ऊब लागली की तडकतो. जुनी हवा फुटून बाहेर येते,” कांबळे मॅडम म्हणाल्या. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, “सील तुटलं तर तुम्ही परत तिकडे जाणार नाही, लक्षात ठेवा.”

इकडे माझं काम झालं होतं. नुसतं बटण दाबायचं. डिस्प्लेवर उणे वीसचं उणे तेरा झालं होतं. तेवढ्यात आबा मधे येऊन उभे राहिले. “मशीन चालू केलं की आवाज बुडंल. गाडी जाईल निघून. मंग?”

मी बटणावरचा हात काढला.

“शेखभाई, आत बर्फच आहे ना?” मॅडमनी विचारलं.

“असेल, मॅडम.”

“आहे म्हणा.”

“तसं म्हणवत नाही.”

त्या क्षणभर पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मला खात्री हाय, आबा. पन खात्रीवर मानूस सोडून जाता येत न्हाई.” गावची बोली त्यांच्या तोंडून तेवढीच आली. त्यांनी माझ्या पेटीतून कटर उचलला आणि सील स्वतः तोडलं.

दार उघडताच पांढरी वाफ पायांवर सांडली. मी बॅटरी घेऊन आत शिरलो. मधल्या वाटेने शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो, हाका मारल्या. दोन्ही बाजूंना छतापर्यंत पांढरे खोके, दुसरं कोणी नाही. परत फिरताना एका खोक्यावर हात टेकला आणि तळव्याखालीच टक झालं. मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. आबा डोकं काढून आत बघत होते. त्यांनीच दार लावायला हात दिला.

जेनसेट सुरू झाला. आवाज बुडाला. तो बुडाल्यावर मला जास्त भीती वाटली.

पावसाळ्यानंतर मॅडमचा फोन आला. बर्फ शाबूत होता. पण सील तुटलं म्हणून त्या देशाने स्वतःचा हिस्सा घ्यायला नकार दिला आणि पुढच्या मोहिमेतून मॅडमचं नाव काढलं. तिथं जाणं बहुधा कायमचं संपलं. मला फार वाईट वाटलं.

“पस्तावा होतो का, मॅडम?”

“वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण झोप लागते.”

दार उघडलं नसतं तर मॅडमची मोहीम, कॅम्प सगळं राहिलं असतं. आणि ते तीन ठोके मला जन्मभर ऐकू आले असते. तेव्हापासून कुठलाही रीफर बंद करताना मी आत तोंड घालून ओरडतो, “कोणी आहे का?” वर्कशॉपमधली पोरं हसतात. हसू देत. उत्तर आलं नाही की मगच मी कडी लावतो.