बिनब्लेडच्या बाई आणि साडेचार इंचांची भिंत

माझ्या मावशीला कुणी विचारलं, की तुम्ही नोकरी काय करत होतात, तर ती सांगते, "रेघा ओढत होते." लोकांना ती गंमत वाटते. पण ती खरंच एकतीस वर्षं रेघा ओढत होती. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात ती ट्रेसर होती. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढायचे. मावशी त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून तो शाईनं उतरवायची आणि ती शाईची प्रत मंजुरीसाठी बांधकाम कचेरीत जायची. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून काढायची, अशी त्या कामातली रीत, त्यामुळे प्रत्येक टेबलावर एक ब्लेड असायचंच. मावशीच्या ब्लेडनं पेन्सिलींना टोक काढण्यापलीकडे काही केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं, बिनब्लेडच्या बाई. या नावाचा तिला काय तोरा होता, ते मला विचारा. शाळेत असताना माझ्या वहीत एक खाडाखोड दिसली की ती असं नाक मुरडायची, की वही तिच्या अंगावर फेकावीशी वाटायची.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आचारी होते. रोज दोनशे माणसांचं जेवण करून घरी आलेला माणूस पुन्हा घरच्या ओट्याशी उभा राहायचा, आणि तेही हौसेनं. घरातलं स्वयंपाकघर त्यांचंच. मावशीला फक्त चहा येतो, आणि त्याबद्दलही घरात दुमत आहे.

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात शाबूत राहिला, डावी बाजू गेली. जीव वाचला, पण चाकाची खुर्ची आली. खुर्ची दोन फूट दोन इंच रुंद आणि स्वयंपाकघराचं दार मोजून दोन फूट. तिथे घोडं अडलं. दार रुंद करूनही भागलं नसतं, कारण आतल्या बोळकांडीत खुर्ची वळवायला जागा नव्हती. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली अख्खी भिंतच काढायला हवी होती.

तोवर मावशी स्वयंपाक करू लागली होती. कांदा ती असा चिरायची, की प्रत्येक फोड सारख्या मापाची. मग तो सारखा चिरलेला कांदा सारखाच करपवायची. काका दाराबाहेर खुर्चीत बसून ओरडायचे, "अगं, गॅस बारीक कर! कांदा आहे तो, कोळसा नाही!" मावशीही आतून फणकारायची. मला वाटायचं, चला, दोघांचं बरं चाललंय. मग एका दुपारी मी गेले तर मावशी गॅलरीत एकटीच उभी.

"हे आता काही बोलतच नाहीत गं," ती म्हणाली. "काल भाजीत मीठच नव्हतं. मुकाट्यानं खाल्ली. चांगली झालीये म्हणाले."

काकांनी जेवणाला चांगलं म्हणावं, यानं ती पार हादरली होती. हादरण्यासारखंच होतं. हा माणूस आतून विझत चालला होता. त्याच आठवड्यात तिनं ठरवलं, की भिंत काढायची, ओटा खुर्चीच्या उंचीला आणायचा, आणि ह्यांना ह्यांच्या जागी परत न्यायचं.

गवंडी म्हणाला, "एका दुपारचं काम आहे. परवानगी कसली मागता? कुणाला कळतंय?"

"वर एक मजला आहे, खाली तीन आहेत," मावशी म्हणाली. "सगळीकडे माणसं राहतात. परवाना आल्याशिवाय हातोडा आणायचा नाही."

झालं. बांधकाम कचेरीत आमचे खेटे सुरू झाले. अर्ज, घराचे कागद, शेजाऱ्यांच्या सह्या, इंजिनिअरचा दाखला. पहिल्या खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीवर पाठवायचा, आणि दुसरीवरचा जेवायला गेलेला असायचा. मी शाळेत शिकवते, मला आवाज चढवायची सवय आहे. तिसऱ्या खेपेला मावशीनं मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि म्हणाली, "तू इथे थांब. तुझ्यामुळे ते माझा अर्ज सगळ्यात खाली सरकवतात." कागदांच्या बाबतीत तिला शिकवायला कुणी जाऊ नये. एकेक कागद तिनं असा लावून दिला, की शेवटी खिडकीवरच्या माणसाला म्हणायला काही उरलंच नाही. महिन्याभरानं निरीक्षक पाहणीला आले.

निरीक्षक भला माणूस होता. आधी काकांची विचारपूस केली, दिलेला चहा न कुरकुरता प्यायले. मग मंजूर नकाशाची छापील प्रत उलगडून त्यांनी भिंतीला टेप लावली, आणि दुसऱ्यांदा लावली.

"कागदावर ही भिंत नऊ इंची आहे," ते म्हणाले. "नऊ इंची म्हणजे वरचा भार पेलणारी. ती काढता येत नाही."

"पण समोर तर साडेचार इंचांची आहे," मावशी म्हणाली. "नुसता आडोसा आहे तो. इंजिनिअरनंही तसंच लिहून दिलंय."

"तेच तर. मग उरलेले साडेचार इंच कुठे गेले?"

"खाल्ले आम्ही!" मी म्हणाले. मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आत जाऊन कपबश्या विसळायला लागले.

निरीक्षकांचाही नाइलाज होता. कागद आणि भिंत जुळत नाही, म्हणजे मधल्या काळात कुणीतरी भिंतीशी खेळ केलाय, असाच अर्थ निघतो. त्यांनी अहवालात लिहिलं, 'विनापरवाना फेरफाराचा संशय.' पंधरा दिवसांनी पत्र आलं: तीस दिवसांत लेखी खुलासा करा, नाहीतर अर्ज रद्द होईल आणि कारवाई होईल. भिंत काढायची परवानगी मागायला गेलो आणि भिंत तासल्याचा आळ घेऊन बसलो!

काकांनी पत्र वाचलं. "राहू दे आता," ते म्हणाले. "मला काही अडत नाही त्या खोलीवाचून." हे त्यांनी इतकं शांतपणे म्हटलं, की मी दुसरीकडे पाहू लागले.

मावशी मात्र पेटली. ही इमारत तिच्याच साहेबांनी आखलेली होती. म्हणून तर तिनं इथे घर घेतलं होतं. "साहेब अशी चूक करणं शक्यच नाही," ती म्हणत होती. "पेन्सिलीचा नकाशा बरोबर असणार, त्यावरूनच तर गवंड्यांनी बांधलं. कचेरीत गेलेली शाईची प्रत कुणीतरी गाढवानं उतरवली असणार. असल्या माणसाच्या हातात ट्रेसिंग पेपर द्यायलाच नको."

मूळ प्रत पाहायची परवानगी तिनं काढली. कचेरीच्या तळघरात, नळकांड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले जुने नकाशे. तिथल्या कारकुनानं अर्ध्या तासात आमचं नळकांडं शोधून काढलं आणि टेबलावर कागद पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. निरीक्षकही आले होते. कागद पिवळा पडला होता, पण रेघा कालच ओढल्यासारख्या काळ्याभोर. मी मनात म्हटलं, गाढव असो की कोण, हात मात्र सुरेख आहे.

मावशी वाकली. आमच्या मजल्यावरच्या त्या भिंतीवर तिनं बोट ठेवलं, मग बाजूच्या आकड्यांवर. मग बोट हळूहळू कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे तीन छोटे रकाने होते: नकाशा कुणी काढला, कुणी उतरवला, कुणी तपासला. मधल्या रकान्यात मावशीच्या नावाची आद्याक्षरं होती.

तिचं बोट तिथेच राहिलं. मला वाटलं तिला भोवळ येतेय, म्हणून मी स्टूल ओढलं. ती बसली नाही.

"तळमजल्यावर इथे नऊ इंची भिंत आहे," ती निरीक्षकांना म्हणाली. "वरच्या सगळ्या मजल्यांवर साडेचार. वरचे मजले उतरवताना आम्ही तळमजल्याचाच कागद खाली सरकवायचो, तेवढाच वेळ वाचायचा. जे बदलतं ते बदलायचं, बाकी तसंच गिरवायचं. ही भिंत बदलायची राहिली. चारही मजल्यांवर."

"आणि तपासणाऱ्याच्या लक्षात आलं नाही?"

"साहेब माझं काम तपासायचे नाहीत," ती म्हणाली. "नुसती सही करायचे."

तेवढ्यात निरीक्षकांनी तिला बाजूला घेतलं. माणूस खरंच मदत करू पाहत होता. "हे बघा, मावशी, तुमचे साहेब आता हयात नाहीत. मूळ नकाशातच चूक होती असं लिहून द्या. कुणाचं काही बिघडत नाही, तुमचंही काम होऊन जाईल. उगाच स्वतःचं नाव कशाला गुंतवताय?"

खरं सांगते, मलाही ते पटलं. गेलेल्या माणसाला काय फरक पडणार होता? मी मान डोलावली आणि मावशीनं ती पाहिली.

"साहेबांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी चुकीचं उतरवलं."

परवाना देणाऱ्या अधिकारी बाई वरच्या मजल्यावर बसायच्या, वयानं माझ्यापेक्षाही लहान. त्यांच्या टेबलाच्या कडेला बसून मावशीनं खुलासा लिहिला. नकाशावर लिहितात तशा सुट्या, सरळ अक्षरांत, एकही खाडाखोड न करता. 'मंजूर प्रत मी स्वतः उतरवली. सदर भिंतीची जाडी मी चुकीची दाखवली. मूळ नकाशा निर्दोष होता.' खाली पूर्ण नाव आणि हुद्दा, सेवानिवृत्त ट्रेसर.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "तुम्हाला निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"तेरा."

"आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग आता कबूल करून तुम्हाला काय मिळणार?"

"परवाना," मावशी म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी नळकांड्यातला इंजिनिअरचा जुना कागद मागवला. त्यात वरच्या मजल्यांचा भार तुळईवर दाखवला होता आणि ही भिंत भाराच्या हिशेबात कुठेच नव्हती. गोष्ट सिद्ध झाली. फक्त चारही मजल्यांचे दुरुस्त नकाशे दप्तरी लावायला हवे होते. बाई म्हणाल्या, कुणाकडूनही कॉम्प्युटरवर करून आणा, दोन तासांचं काम आहे.

मावशीनं ते काम कुणाला दिलं नाही. कपाटातून शाईची पेनं काढली, कोमट पाण्यात भिजवून त्यांची तोंडं मोकळी केली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. एकाहत्तराव्या वर्षी हात थरथरतो. एक भिंत ओढायला ती श्वास रोखून धरायची. चार मजल्यांना नऊ दिवस लागले. त्यात दोनदा ब्लेड वापरावं लागलं, आणि दोन्ही वेळा तिनं मला हाक मारून दाखवलं. काका समोर बसून पाहत असायचे. त्यांनी तिला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. ती ऑफिसात असायची तेव्हा ते कँटीनमध्ये असायचे. पाचव्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "एवढी मोठी कारागीर आहे ही, आणि मी हिला कांद्यावरून बोलत होतो."

मला तेव्हा जे वाटलं ते सरळच सांगते. माझ्या मावशीचा मला फार अभिमान वाटला. एकतीस वर्षांत ती कधी चुकली नाही असं सगळे म्हणायचे, म्हणून नव्हे. ते नाव, तो तोरा, जे काही तिनं कमावलं होतं ते सगळं तिनं एका भिंतीसाठी स्वतःच्या अक्षरात खोडून दिलं होतं, आणि वर अधिकारी बाईंना सांगून आली होती, की आमच्या वरच्या आणि खालच्या घरांनाही कळवा, त्यांच्याही कागदावर माझीच चूक आहे.

परवाना आला. त्यावर गोल शिक्का होता. मावशीनं तो गवंड्याला वाचायला लावला आणि मगच हातोडा उचलू दिला. भिंत दुपारी चारच्या आत पडली. पुढे तीन आठवडे ओटा, नळ, फरशी असं काम चाललं, आणि घरात धुळीशिवाय दुसरं काही शिजलं नाही.

काम संपलं त्या सकाळी मी मुद्दाम गेले. मावशी बाहेरच्या खोलीत उभी, हात पुसत. तिला काकांची खुर्ची ढकलायची होती, पण त्यांनी हातानंच थांब म्हटलं. त्यांनी उजव्या हातानं चाक फिरवलं, उजव्या पायानं फरशीला रेटा दिला आणि हळूहळू, जरा तिरपे होत, आत गेले. ओट्यावरून हात फिरवला. मग मांडणीवरचा पेला घेतला, नळाखाली ठेवला आणि नळ सोडला.

पावणेदोन वर्षं या माणसाला घोटभर पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागत होती. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

पाणी ते स्वतः प्यायले नाहीत. भरलेला पेला दोन मांड्यांच्या मधे ठेवून त्यांनी खुर्ची वळवली, थोडं सांडवत बाहेर आणली आणि पेला मावशीपुढे केला.

"दमलीस," काका म्हणाले. "बस जरा."

मावशी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि सगळं पाणी प्यायली.