धोंड्याच्या महिन्यातली पाणी परिषद

लातूरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. माझा एक तास तिथं फार गाजलेला आहे, निदान मला तरी तसं वाटतं. विषय असा, की एखाद्या देशानं आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तर वादग्रस्त नेत्याला दाराबाहेरच ठेवावं का? मी आधी एक बाजू मांडतो. ज्याचे हात बरबटलेले आहेत त्याच्यासाठी पायघड्या घातल्या, खुर्ची दिली, शेजारी उभं राहून फोटो काढला, की त्याच्या पापाला पावती मिळाली. मग दुसरी बाजू. भांडण ज्याच्याशी आहे तोच नसेल तर ती परिषद कसली, नुसती पंगत. पोरं दोन्ही बाजू उतरवून घेतात आणि परीक्षेत तिसरंच काहीतरी लिहितात. माझं स्वतःचं मत मात्र पक्कं होतं. बोलवू नये. खुर्ची म्हणजे इज्जत, आणि इज्जत फुकट वाटू नये. हे मत बाळगायला मला काही त्रास नव्हता, कारण तोवर एकाही राष्ट्रप्रमुखाशी आमची सोयरीक झालेली नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात ती निघाली. आमचं गाव हदगावकडं, कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. वरच्या गावांचं भागून उरलं तर चारीचं पाणी आमच्यापर्यंत येतं, म्हणजे येत नाही. चारीच्या तोंडाशी जे गाव आहे, तिथले सरपंच आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. गेट सरकारचं, पण गेटवर बसणारी माणसं दाजींची. पाण्याची पाळी सुटली की त्यांच्या गावचा ऊस डोलायला लागतो आणि आमच्या चारीत शेळ्या बसलेल्या असतात. मागच्या वर्षी आमच्या गावची चार माणसं जाब विचारायला गेली, तर दाजींनी त्यांना दुपारभर ओसरीवर बसवलं, आग्रह करकरून चहा पाजला आणि परत लावून दिलं. पाणी मागायला गेलेल्या माणसाला चहा पाजायचा! शिव्या दिल्या असत्या तर गाव एखाद्या महिन्यात विसरलं असतं. पण तो चहा अजून कुणाला पचलेला नाही. तेव्हापासून दोन्ही गावांचं बोलणं बंद झालं, आणि आक्काचं माहेराला येणंही.

घरची शेती माझा दादा बघतो. त्यानं यंदा केळी लावली होती आणि बाग चांगली आली होती. घड पडले, आणि नेमका बोअर आटला. चारीला पाण्याची एक पाळी मिळाली तर बाग हाताला लागणार होती, नाहीतर उभी जळणार होती. त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजावरूनच मला ते कळलं.

"गाव पाणी परिषद घेऊन राहिलंय," तो म्हणाला. "चारीवरची समदी गावं येणार हायेत. तू ये. तू या कामातला हायस."

परिषद धोंड्याच्या महिन्यात ठेवली होती, आणि त्यामागं गावानं बराच विचार केला होता. अधिक महिन्यात लग्नं होत नाहीत. त्यामुळं मंडपवाला, आचारी आणि लाऊडस्पीकरवाला तिघंही रिकामे असतात आणि पडत्या भावात मिळतात. एवढा विचार करताना सगळं गाव एकच गोष्ट विसरलं. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसली तरी जावई असतात. दर तीन वर्षांनी हा महिना येतो, तेव्हा लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, लक्ष्मी-नारायण समजून त्यांचे पाय धुवायचे आणि आहेर करायचा, ही आमच्याकडची रीत.

मी गावी पोचलो तेव्हा देवळासमोरच्या पारावर बैठक भरली होती. आमच्या गावचे सरपंच मला म्हणाले, "सर, आता फैसला तुमीच करा. वरच्या गावच्या त्या माणसाला बोलवायचं का न्हाई?"

मी घसा साफ केला. "याला दोन बाजू आहेत," मी सुरुवात केली.

"दोन बाजू आमालाबी ठावं हायेत," एका म्हाताऱ्यानं मध्येच तोडलं. "एक वरची बाजू, एक खालची बाजू. पाणी वरच्या बाजूला हाय. तुमी म्होरलं सांगा."

मग मी खुर्ची आणि इज्जतीचं सांगितलं. वर्गात कधी मिळाली नाही एवढी दाद मिळाली. सगळ्यात मोठा आवाज दादाचा. "केळी जळून राहिली माझी, अन् त्याच्या गळ्यात म्या हार घालू? मला त्याचं तोंड बघायचं न्हाई." मी आणखी एक आंतरराष्ट्रीय तोडगाही सुचवला. देशाला बोलवावं, नेत्याला नको, म्हणजे दार उघडंही राहतं आणि संदेशही जातो. त्याप्रमाणे वरच्या गावच्या उपसरपंचाला आवतन गेलं. उपसरपंच म्हणजे दाजींचा पुतण्या. त्याचा लगेच निरोप आला, "काकाला इचारून सांगतो."

फैसला करून आम्ही दोघं भाऊ घरी आलो, तर आई पुरणासाठी हरभऱ्याची डाळ पाखडत बसलेली.

"तुमच्या सरपंचाला तुमी बोलवू नका," ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या जावयाला म्या बोलवलंय. परिषदेच्याच दिशी."

"त्याच दिवशी का, आई?" मी विचारलं.

"त्या दिशी रिकामे हायेत ते. परिषदेसाठी म्हणून दिवस राखून ठेवला व्हता, अन् तुमचं आवतन काही गेलं न्हाई."

दादा चिडून उठला. आई शांतच होती. "मला राजकारण कळत न्हाई बाबा. लेकीला बघून वर्ष झालं. धोंडा म्हणून तरी येईल ती." दोन्ही बाजू मांडायची सवय असलेल्या माणसाला आईपुढं एकही बाजू सुचत नाही.

परिषदेच्या दिवशी मंडप आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडला, कारण गावात तेवढीच सावली होती. सगळी गावं आली. वरच्या गावचा उपसरपंचही आला, आणि पहिल्या रांगेत बसून त्यानं काकाला विचारल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही हे आधीच जाहीर केलं. मी अध्यक्ष होतो. जागतिक परिषदांवर माझं भाषण रंगात आलं असताना एक जीप आली आणि मंडपाला वळसा घालून आमच्या दारात थांबली. दाजी उतरले. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांना काळा चष्मा. मागून आक्का उतरली. दाजींनी मंडपाकडं बघून लांबूनच हात जोडले आणि आमच्या ओसरीवर टाकलेल्या सतरंजीवर ऐसपैस बसले, सगळ्या परिषदेला दिसतील असे.

मग परिषदेला तहान लागली. "जरा पाणी पिऊन येतो," म्हणत एकेक सरपंच उठायचा तो आमच्या घराकडं जायचा. गावच्या जावयाला रामराम घालायला कुणाची परवानगी लागत नाही. थोड्या वेळानं ओसरीवर परिषद भरली आणि मंडपात मी, आमचे सरपंच, वरच्या गावचा उपसरपंच आणि लाऊडस्पीकरवाला एवढेच उरलो. शेवटी आमचे सरपंच ठराव वाचायला उभे राहिले आणि मलाही घरून बोलावणं आलं. पाय धुताना दोन्ही भाऊ हजर लागतात.

वडील नाहीत, त्यामुळं हे काम दादाचं. आक्का आणि दाजी पाटावर बसले होते. पुढं परात, दादाच्या हातात तांब्या. टँकरचं पाणी ड्रममधून काढून भरलेलं. आईनं डोळ्यानं खुणावलं तसा दादा खाली बसला. ज्याचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्या पायावर त्यानं पाण्याची धार धरली. तेवढ्यात बाहेर लाऊडस्पीकर खणखणला, "वरच्या गावच्या सरपंचांचा ही परिषद तीव्र शब्दांत निषेध करीत आहे!"

ओसरीवरची माणसं खाली बघायला लागली. दाजी हसले. "वाचू द्या, वाचू द्या. आवाज चांगला हाय."

मला हसू फुटलं, आणि दादाचा चेहरा बघून ते तोंडातच राहिलं. त्यानं तांब्या आक्काच्या पायाकडं वळवला, तर आक्कानं पाय मागं घेऊन लुगड्याखाली झाकले.

"ओतू नको, दादा."

"आक्के, रीत हाय," आई म्हणाली.

"हे टँकरचं हाय ना? आधी माझ्या भावाच्या केळीला पाणी, मग माझ्या पायाला." तिनं दाजींकडं बघितलंही नाही, पण आवाज ओसरीच्या टोकापर्यंत गेला.

सगळी चारी तिथं बसली होती. दाजींचं हसू तसंच चिकटून राहिलं, फक्त कान लाल झाले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आपल्या गावचं गेट खाली घे, बंद कर. जाऊ दे पाणी टेलला, पार शेवटच्या गावाला." टाळ्या पडल्या. मग त्यांनी खाली मान घालून धोंडे खाल्ले, आहेर घेतला आणि जीप काढली. आक्का मागच्या सीटवर बसली. जाताना तिनं हात हलवला, इतकंच.

पाणी आलं. शेळ्या उठल्या, चारी भरली, दादाची बाग वाचली. गावानं सगळं श्रेय परिषदेच्या नैतिक दबावाला दिलं आणि पेपरात माझा फोटो आला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कॉलेज सुरू झाल्यावर मी तो तास पुन्हा घेतला. एका मुलीनं विचारलं, "सर, मग तुमचं मत काय?" मी म्हणालो, "बोलवू नये. सोयरीक नसेल तर." वर्ग हसला.

पंचमीला लेकी माहेरी येतात. आईनं लिंबाच्या झाडाला झोका बांधून घेतला होता. मीही लातूरहून गावी गेलो होतो. आक्काला आणायला मुराळी म्हणून दादा सकाळीच निघाला, बागेतला सगळ्यात मोठा घड खांद्यावर घेऊन. दुपार टळली तरी आई दारातच उभी होती.

दादा एकटाच आला. चपला काढून तो ओसरीवर टेकला. घड तेवढा ठेवून घेतला होता त्यांनी.

"आक्का कुठं हाय?" आईनं विचारलं.

"आत हाय म्हणले. कामात हाय म्हणले. दुपारभर बसलो ओसरीवर."

"मग?"

दादानं आईकडं बघितलं नाही. "चहा पाजला," तो म्हणाला.