फाटकाच्या आत बाई

बाईंना 'बाई' न म्हणणारं माणूस त्या भागात शोधूनच काढावं लागलं असतं. इस्त्रीवाला बाई म्हणायचा, दातांचे डॉक्टर हातात चिमटा घेऊन "बाई, आ करा" म्हणायचे, आणि खुद्द त्यांचा नवरा छापखान्यातून दमून घरी आला की विचारायचा, "बाई, चहा मिळेल का, की आधी पाढे म्हणू?" त्यांना आई म्हणणारी जगात एकच होती, त्यांची लेक. आणि तिलाही ते अर्धवेळच म्हणायची परवानगी होती.

त्याचं असं झालं, की लेक तिसरीत गेली आणि नेमकी आईच्याच वर्गात आली. शाळेत तिसरीचा वर्ग एकच, त्यामुळे पळवाट नव्हती. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर बाई तिला म्हणाल्या, "हे बघ, या फाटकाच्या आत मी बाई. बाहेर आई."

"आणि फाटकात?"

"फाटकात उभं राहायचं नाही. मुलं धडपडतात."

आता बाई शिकवायच्या कशा, ते सांगायला हवं. त्यांच्या वर्गात 'चुकलं' हा शब्दच नव्हता. कुणी फळ्यावर भलतंच उत्तर काढलं की त्या खडू हातात घेऊन खरोखरच बुचकळ्यात पडल्यासारख्या बघत राहायच्या. "असं कसं आलं बरं? मला दाखव, कुठून कुठून गेलास ते." मग ते पोर पहिल्यापासून एकेक पायरी सांगत यायचं, मध्येच कुठेतरी अडखळायचं आणि ओरडायचं, "अरेच्चा!" त्या वर्गातून दिवसभर 'अरेच्चा' ऐकू यायचं. शेजारच्या वर्गावरचे मास्तर म्हणायचे, बाई शिकवतात की पत्ते खेळतात?

एकदा एका गॅरेजवाल्याने आपल्या मुलीची शाळा बंद केली. घरात धाकटं भावंड झालं होतं, त्याला सांभाळायला कुणी नव्हतं. बाई भांडायला गेल्या नाहीत. शाळा सुटली की आपली स्कूटर घेऊन त्या त्याच्या गॅरेजवर जायच्या. "जरा आवाज येतोय, बघता का?" तो बघायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "अजून येतोय हो." बिचाऱ्याच्या नाकीनऊ आले. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "बाई, स्कूटरला काहीही झालेलं नाही."

"मला माहितीये," बाई म्हणाल्या. "मुलीला कधी पाठवताय?"

ती आली. धाकट्यालाही घेऊन आली, आणि पुढे काही महिने ते बाळ बाईंच्या टेबलाखाली टोपलीत झोपून तिसरी शिकलं. ती मुलगी आता लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

बाईंची माया अशी सगळ्यांवर सांडायची. लेकीच्या वाट्याला मात्र सगळं शेवटी. वह्या तपासताना तिची सर्वांत खाली. नवी पुस्तकं आली की फाटक्या पानांचं तिला. कुणी बोट दाखवू नये म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून जपत होत्या, हे पोरीला कसं कळणार? तरी तिने कधी कुरकुर केली नाही. फाटकाचा नियम तर ती प्राणपणाने पाळत होती.

आणि एक दिवस तिची जीभ घसरली. पेन्सिलीचं टोक मोडलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, शार्पनर देतेस?"

वर्ग खोखो हसला. बाईंनी फळ्यावरून मान वळवली नाही. लिहिता लिहिता एवढंच म्हणाल्या, "कोण?"

पोर तोंडात मारल्यासारखी खाली बसली. तेही ती विसरली असती कदाचित. पण त्याच आठवड्यात पोपट उठला. पोपट म्हणजे वर्गातला सर्वांत बडबड्या मुलगा. गडबडीत तो म्हणाला, "आई, पाणी प्यायला जाऊ?" पुन्हा वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "जा बाळा. सांडू नकोस."

त्याला 'जा बाळा', आणि मला 'कोण'.

त्या संध्याकाळी घरी बाईंनी विचारलं, "गप्प का गं? काय झालं?"

"काही नाही, बाई."

भांडी घासता घासता बाईंचा हात थांबला. मग त्यांनी पुढचं पातेलं ओढलं, आणि लेकीने आपलं दप्तर. दोघी एकाच मातीच्या. तिथून पुढे लेकीने आईला हाकच मारली नाही. ऐकायला खोटं वाटेल, पण एका घरात राहून हाक न मारता माणसाचं सहज भागतं. 'ऐक ना', 'इकडे बघ', 'भूक लागलीय'. बोलणं, हसणं, भांडणं, सगळं व्यवस्थित चालू होतं. लग्न झालं, तिने स्वतःचं चष्म्यांचं दुकान थाटलं, बाईंच्या डोळ्यांचा नंबर दर वर्षी तिनेच तपासला. 'आई' हा एक शब्द तेवढा तिच्या घशातून वर येईना. तो परत हवा होता तिला, फार हवा होता. पण त्यासाठी आधी आईला विचारायला हवं होतं, मलाच 'कोण' का म्हणालीस, आणि त्याचं उत्तर काय येईल या विचारानेच ती दर वेळी विषय बदलायची.

बाई निवृत्त झाल्यावर जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. पुढाकार पोपटाचा. तो आता वकील आहे, म्हणजे त्याच बडबडीचे पैसे घेतो. त्याने लेकीच्या दुकानात फोन केला. "घरचं कुणीतरी बोललंच पाहिजे. तू बोल."

नाही म्हणता म्हणता ती हो म्हणाली. मनाशी तिने ठरवलं, तो किस्सा गंमत म्हणून सांगून टाकायचा. लोक हसतील, आपणही हसू, आणि एकदाचा तो काटा निघेल.

कार्यक्रम शाळेच्याच हॉलमध्ये होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून वर्गातले बाक आणले होते, आणि पोट सुटलेली, टक्कल पडलेली माणसं गुडघे हनुवटीला लावून त्यांवर बसली होती. गॅरेजवाल्याची मुलगी बोलली. टेबलाखाली झोपलेला तिचा भाऊ बोलला आणि म्हणाला, तिसरी दोनदा केलेला या शाळेतला मी एकटाच हुशार विद्यार्थी. बाई मंचावर संकोचून बसल्या होत्या आणि मधूनमधून कुणाला तरी खुणेने 'ताठ बस' म्हणत होत्या.

मग लेक उठली. फाटकाचा किस्सा सांगितला, लोक हसले. पोपटाचा सांगितला, लोक बाक वाजवून हसले. पोपटाने उठून सर्वांना नमस्कार केला. "आणि त्याच्या आधी मीही एकदा चुकून आई म्हणाले होते," ती म्हणाली. "तर फळ्याकडे बघत या म्हणाल्या, कोण?"

पुढे तिला हसायचं होतं. तिने तसा सराव केला होता. पण आवाज फुटेना. कागद हातात तसाच राहिला आणि हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. पहिल्या रांगेतून वडील अर्धवट उठले.

पण त्यांच्या आधी बाई उठल्या. लेकीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आठवतंय मला," त्या म्हणाल्या. माइक समोरच होता, पण त्या लोकांशी बोलत नव्हत्या. "पोपट आई म्हणाला, त्याला मी जा बाळा म्हणू शकले. तो जाणार, पाणी पिणार, परत येणार. तू आई म्हणालीस आणि मला फळा दिसेना. खडू नुसता हलत होता, काय लिहिलं ते माझं मला कळलं नाही. समोर एवढी पोरं बसलेली, कितीजणांना घरी विचारणारं कुणी नाही, आणि मला वर्गात एकटी तूच दिसायला लागलीस. घाबरले गं मी. म्हणून म्हटलं, कोण. त्या दिवशी घरी तू मला बाई म्हणालीस, तेव्हाच कळलं मला काय करून बसले ते. पण सांगायचं कसं, ते कधी सुचलं नाही."

माइक चालू आहे हे लेक साफ विसरली होती. "मग तेव्हाच सांगायचं ना गं, आई!"

सगळ्या हॉलने ते ऐकलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि तो तसाच हातात धरून त्या भर शाळेत, आपल्या सगळ्या मुलांसमोर, ढसाढसा रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या,

"सांगितलं असतं तर दिवसभर आई आई करत बसली असतीस. मग या गाढवांना शिकवलं असतं कुणी?"