नोटोरियस म्हणजे नावाजलेली
फिनाइलचा वास आला की अकोल्याच्या शाळेतलं ऑफिस आठवतं. मी नववीत होते, सारखी मारामाऱ्या करायची, म्हणून सरांनी आईला बोलावलं होतं. पातूरहून फुलं विकायला आलेली आई टोपली घेऊन बाजारातून तशीच आली. "युवर डॉटर इज नोटोरियस," सर रागाने म्हणाले. आईने मला हळूच विचारलं, "काय म्हणून राह्यले वं?" "नावाजलेली," मी कसंबसं म्हटलं. आईचा चेहरा असा उजळला! उरलेला एकच गजरा तिने सरांच्या टेबलावर ठेवला, हात जोडले. "तुमचीच मेहनत हाये, सर." ‘कुप्रसिद्ध’ हा खरा अर्थ मी आईला अजून सांगू शकलेले नाही, आणि ती अजूनही पाहुण्यांना कौतुकाने सांगते, "आमची पोरगी लहानपनापासून नोटोरियस."