दादाचं ‘बरं’

बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानात माणसं रेडिओ घ्यायला येत आणि अपमान घेऊन जात. रेडिओ कधीकधी काउंटरवरच राहून जाई. अपमान मात्र घरपोच. ही घरपोच सेवा आम्ही ऑनलाइनवाल्यांच्या कितीतरी आधी सुरू केली होती, पण त्याचं श्रेय आम्हाला कुणी देत नाही.

दुकान दोघा भावांचं, जीभ एकट्या दादाची. मी माल आणायचो, खोकी फोडायचो आणि थापा मारायचो. एका टेपरेकॉर्डरबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आलो की हा मुठेच्या पुरात वाहून गेला, संगमाजवळ गाळात सापडला, तेव्हा आत भीमपलास चालू होता आणि बाहेर काढताक्षणी समेवर आला. गिऱ्हाईक आ वासून दादाकडे बघायचं. दादा चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “बरं.”

हे ‘बरं’ कागदावर उतरत नाही. त्याचा ‘ब’ तळघरातून निघायचा आणि ‘रं’ पार हडपसरपर्यंत रेंगाळायचा. अर्थ असा, की तू खोटं बोलतोयस, हे मला ठाऊक आहे, मला ठाऊक असल्याचं तुलाही ठाऊक आहे. आता चालू दे पुढे. गिऱ्हाइकांसाठीचं ‘बरं’ वेगळं, सुरीने कापल्यासारखं. ते ऐकलं की माणूस आपोआप पायरी उतरायचा. दादाकडे अशी निदान चाळीस ‘बरं’ होती. मी चारशे सांगतो, पण ते सोडा.

मग देशाचे दरवाजे उघडले आणि परदेशी माल, जो आधी चादरीत गुंडाळून यायचा, तो राजरोस खोक्यांतून यायला लागला. वॉकमन आले, सीडी आल्या, पेजर आले. आता भविष्यकाळ कमरेला लावून फिरायचा म्हणून पेजरसाठी आमच्या दुकानापुढे जी रांग लागली, ती लकडी पुलापर्यंत गेली होती. दादाचं म्हणणं, रांगेत चार माणसं होती आणि त्यातली दोघं बसची वाट बघत होती.

त्याच दिवसांत एक पेजर हातात उलटसुलट करत दादा म्हणाला होता, “बघ तू. एक दिवस यंत्रं बोलतील आणि माणसं गप्प बसतील.” मी हसलो होतो. पुण्यात माणसं गप्प बसतील, यावर माझ्यासारख्या थापाड्याचाही विश्वास बसेना.

पुढे मोबाइल आले आणि मोबाइलच्या आत बाजार आला. गिऱ्हाईक दुकानात येई, वस्तू हाताळी, फोटो काढी आणि आमच्याच पायरीवर उभं राहून ती दुसरीकडून मागवी.

“काका, जरा तो हेडफोन दाखवता?” एका तरुणाने विचारलं. अख्खं गाणं ऐकून झाल्यावर म्हणाला, “मस्त आहे. ऑनलाइन मागवतो.”

“अहो, मग इथे कशाला आलात? कानाचं माप द्यायला?”

“तसं नाही काका. आधी बघून घेतलेलं बरं.”

“बरं,” दादा म्हणाला. पोरगं पायरी उतरलं.

अशी गिऱ्हाइकं वाढली तसा दादाचा आवाज बसत गेला. बोलून बोलून बसला असेल, असं आम्ही धरून चाललो. ओवा झाला, ज्येष्ठमध झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, “स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल.”

“म्हणजे दुकान बंद करा म्हणताय,” दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्याची मुलगी हिंजवडीत कामाला. ती म्हणाली, “बाबा, फोन बोलेल तुमच्यासाठी. तुम्ही फक्त टाइप करायचं. आणि तुमचा आवाज आत्ता भरून ठेवू. पुढेमागे यंत्रं अगदी तुमच्यासारखं बोलतील.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने त्याच्यापुढे फोन धरला. “बोला काहीही.”

जो माणूस झोपेतही कुणाला तरी टाकून बोलायचा, तो फोनकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “काय बोलू? समोर गिऱ्हाईक कुठाय?” एवढंच भरलं गेलं. तिने पुन्हापुन्हा विनवलं, मी स्वतः गिऱ्हाईक होऊन भाव पाडून मागितला. त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दोन महिन्यांनी तो काउंटरवर परत बसला. गळ्यातल्या भोकावर पांढरा रुमाल, हातात फोन. फोनच्या आत एक बाई होती. ती कोण, कुठली, देव जाणे, पण तिचा पुण्याशी काडीचा संबंध नव्हता. बोलणं इतकं गोड, की जवळ उभं राहिलं तर मुंग्या लागाव्यात.

पहिल्याच सकाळी एक गृहस्थ आले. स्पीकर बघितला आणि म्हणाले, “काका, यात काही कमी होईल का?”

दादाचे डोळे चमकले. कित्येक दिवसांची उपासमार होती. एका बोटाने त्याने टकटक सुरू केली. मी वाचलं आणि मनातल्या मनात टाळी दिली. त्याने बटण दाबलं.

“अहो, दुकानच घेऊन जा ना,” बाई मायेने म्हणाली. “म्हणजे आम्ही सुटू एकदाचे.”

गृहस्थांनी रुमालाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. “असं नका हो बोलू काका,” ते म्हणाले. “होईल सगळं नीट.” आणि काउंटरवरून हात लांब करून त्यांनी दादाच्या खांद्यावर थोपटलं.

उभ्या आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाची दादाला हात लावायची छाती झाली नव्हती. तो पांढराफटक पडला. मी स्पीकर बांधून दिला. दादाने त्या दिवशी पुन्हा फोन उचलला नाही.

पुतणीने मग दुकानच ऑनलाइन नेलं. “तिथे तर सगळं लिहूनच असतं बाबा. कुणाला कळणारही नाही.” दादा आठवडाभर पुन्हा माणसात आला. कुणी विचारलं, ‘चार्जर चांगला आहे का?’ याने लिहिलं, ‘नाही. खराब आहे म्हणूनच विकायला ठेवला.’ कुणी विचारलं, ‘कधी पोचेल?’ याने लिहिलं, ‘तुमची विचारायची घाई बघता, कालच पोचायला हवा होता.’ असं लिहून झालं की तो फोन माझ्यापुढे धरायचा आणि खांदे हलवून बिनआवाजाचं हसायचा.

पण रास्ता पेठेतला माणूस ज्यावर हसतो, त्यावर लखनौचा माणूस तक्रार करतो. रेटिंगचे तारे पडत गेले, पाचातला एक-एकच. दुकान तिथून काढायची वेळ आली, तेव्हा पुतणीने उत्तरं आपोआप जातील अशी व्यवस्था केली. ‘आपल्या प्रश्नाबद्दल मनःपूर्वक आभार.’ माल उठू लागला. एक दिवस कुणीतरी आमच्याबद्दल लिहिलं, ‘अतिशय नम्र दुकानदार.’

दादाने ते दोनदा वाचलं. फोन पालथा ठेवला, चपला घातल्या आणि घरी गेला. दुकानात तो पुन्हा आला नाही. खाणं कमी झालं, खोकला वाढला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कॉरिडॉरमध्ये सांगितलं की आजार फुप्फुसात उतरलाय आणि आता करण्यासारखं फार काही नाही. पुतणी खिडकीकडे वळली. मी आत गेलो.

दादा उशीला टेकून बसला होता. सिस्टर सलाइन बदलत होती. मी खुर्ची ओढली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप सुरू केली. जर्मनीत नवं यंत्र निघालंय. शर्टाच्या बटणाएवढं. गळ्यात बसवलं की माणसाचा स्वतःचा आवाज परत, खोकल्यासकट. डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव पहिलं घातलंय. दिवाळीत तू काउंटरवर बसून अख्ख्या पेठेला शिव्या घालशील.

दादा चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. मग त्याने छातीवरचा फोन उचलला. त्याला वेळ लागला. दोनच अक्षरं होती.

“बरं,” बाई म्हणाली. आखूड, गोड, स्वच्छ.

“बघा,” सिस्टर मला म्हणाली, “आजोबांना किती धीर आला!”

“हो ना,” मी म्हणालो. माझ्या कानात तो ‘ब’ तळघरातून निघाला होता आणि ‘रं’ अजून हडपसरला पोचायचा होता.

दादाने फोन खाली ठेवला आणि हाताने खूण केली: चालू दे पुढे.

मग मी पुढे सांगितलं. ते यंत्र आपणच विकणार आहोत, पुण्यात फक्त आपल्याकडेच मिळणार, आणि त्यासाठी दुकानापुढे जी रांग लागेल ती थेट लकडी पुलापर्यंत जाईल.

दादाने चार बोटं वर केली. मग त्यातली दोन मिटली.